डॉ. मारिया माँटेसरी आणि खेळाबाहेर राहिलेली मुले

वाचकहो, बालवर्गाच्या पाट्यांवर माँटेसरी हा शब्द आपण इतक्या ठिकाणी वाचतो की, पुष्कळांना ते एखाद्या इयत्तेचे नाव वाटते. लहान शिशू, मोठा शिशू, तसे माँटेसरी! वास्तविक ते एका बाईंचे आडनाव आहे. त्या इटली देशाच्या, व्यवसायाने डॉक्टर, आणि दुसऱ्या महायुद्धाची बहुतेक वर्षे त्यांनी आपल्या देशात काढली. पण याहून महत्त्वाची एक गोष्ट फारच थोड्यांच्या कानावर आलेली असते. ज्या लाकडी खेळण्यांमुळे त्यांचे नाव जगभर झाले, ती खेळणी हुशार मुलांसाठी म्हणून बनलीच नव्हती. त्यांचा उगम वेड्यांच्या इस्पितळात कोंडून ठेवलेल्या मुलांच्या सोबतीत झाला.

ही हकीकत आपल्यापुढे मांडावी असे वाटण्याचे कारण अगदी साधे आहे. बालवर्गाच्या प्रवेशाचे दिवस आले की, एखादे आईवडील सर्वांचे काम आटोपेपर्यंत बाजूला थांबतात आणि मग हळू आवाजात विचारतात की, आमचा मुलगा उशिरा बोलायला लागला आहे, किंवा मुलगी पाय ओढत चालते, तिला घ्याल का? आणि त्याच आठवड्यात दुसरे कोणी पालक तितक्याच हळू आवाजात विचारतात की, असे मूल शेजारी बसले तर आमच्या मुलाचे नुकसान तर होणार नाही ना? हे दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले असतात. दोहोंपैकी कोणाही पालकाला मी दोष देत नाही. परंतु या दोन्ही प्रश्नांशी ज्यांचे आयुष्य जोडले गेले, त्या बाईंची ओळख त्या दोघांनाही असावी.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळील किआराव्हाले या छोट्या गावी झाला. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी नोकर, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे ही त्या काळाच्या मानाने चांगली शिकलेली आणि पुस्तकांची आवड असलेली. मारिया पाच वर्षांची असताना वडिलांची बदली रोमला झाली आणि एकुलत्या एका मुलीला मोठ्या शहराच्या शाळा मिळाल्या.

तिच्या लहानपणची एक आठवण चरित्रात येते. शेजारी एक पाठीला कुबड असलेली मुलगी राहात असे. मारिया तिला आपल्याबरोबर फिरायला नेई. आईच्या असे ध्यानात आले की, धडधाकट मुलीच्या शेजारी चालताना त्या मुलीचे व्यंग लोकांच्या डोळ्यांत अधिकच भरते. म्हणून तिने मारियाला समजावून ते फिरणे थांबवले आणि मदतीचा दुसरा काही मार्ग शोधायला सांगितले. आईच्या मनात दयाच होती यात शंका नाही. तरी एक शिक्षक म्हणून मला विचारावेसे वाटते की, त्या दुसऱ्या मुलीला काय वाटले असेल? लोकांची नजर नकोशी वाटणे निराळे आणि सोबतीण जाणे निराळे. आपल्याकडेही आपण असेच करतो. मूल हिरमुसेल म्हणून त्याला खेळातून उचलून कडेला बसवतो, आणि ते कडेला बसून अधिकच हिरमुसते.

तेराव्या वर्षी मारिया तंत्रशाळेत दाखल झाली. इंजिनियर व्हायचे होते. मुलींनी शिकून फार तर शिक्षिका व्हावे असे मानणाऱ्या काळात हीच मोठी गोष्ट होती. पण पुढे तिने त्याहून अवघड वाट धरली आणि वैद्यकाचे शिक्षण घ्यायचे ठरवले. वडिलांना ते मान्य नव्हते. आई पाठीशी होती. मुलांच्या देखत प्रेताचे विच्छेदन मुलीने करणे अशोभनीय समजले जाई, म्हणून सगळे विद्यार्थी निघून गेल्यावर संध्याकाळी, एकटीने, तिला ते काम करावे लागे. १८९६ साली रोम विद्यापीठाने त्यांना वैद्यकाची पदवी दिली. त्या इटलीच्या पहिल्या स्त्री-डॉक्टर होत्या असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते, ते खरे नाही. त्यांच्या आधीही काही स्त्रियांनी ती पदवी घेतली होती. पण त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

आता आपल्या विषयाशी येऊ. विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात मदतनीस म्हणून काम करताना माँटेसरीबाईंना रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. त्या काळी मतिमंद मुलांनाही तेथेच ठेवीत. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांना झटके येतात, जी बोलत नाहीत, अशी सर्व प्रकारची मुले मोठ्या माणसांच्या त्याच आवारात. एका इस्पितळातील प्रसंग प्रसिद्ध आहे. मुलांवर देखरेख करणारी बाई किळस करून तक्रार करू लागली की, ही मुले जेवण झाले की जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे गोळा करतात. माँटेसरीबाईंनी खोलीत सभोवार पाहिले. चार भिंती, आणि त्यांमध्ये काहीही नाही. एक चेंडू नाही, एक दोरा नाही, एक खडा नाही. मुले ते तुकडे बोटांत चुरीत होती, पुन्हा जुळवीत होती. त्यांच्या लक्षात आले की, ही पोटाची भूक नव्हे, ही हातांची भूक आहे. सबंध खोलीत खेळायला दुसरे काही नव्हते, म्हणून मुले पावाच्या चुऱ्याशी खेळत होती.

डॉक्टरांच्या जागी दुसरे कोणी असते तर औषध लिहून मोकळे झाले असते. यांनी पुस्तके शोधली. फ्रान्समध्ये शंभर वर्षांपूर्वी इतार नावाचे डॉक्टर होऊन गेले. १८०० साली आव्हेरों भागातल्या रानात सापडलेल्या एका मुलाला त्यांनी काही वर्षे शिकवले होते. तो मुलगा बोलायला शिकला नाही, पण त्याच्या डोळ्यांना, बोटांना, त्वचेला काय काय शिकवता येते याची नोंद इतारांनी करून ठेवली. त्यांचे शिष्य सेगँ यांनी पुढे मतिमंद मुलांसाठी हाताळण्याच्या अनेक वस्तू तयार केल्या आणि १८४६ साली मोठा ग्रंथ लिहिला. हे दोन्ही लेखक विसरले गेले होते. माँटेसरीबाईंनी त्यांची पुस्तके इटालियन भाषेत स्वतःच्या हाताने उतरवून काढली. प्रत्येक शब्दाचे वजन कळावे म्हणून हा खटाटोप! विद्यार्थी मित्रांनो, गाईडमधून उत्तर पाठ करण्याच्या आजच्या दिवसांत ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

१८९८ साली ट्युरिन शहरी शिक्षकांची मोठी परिषद भरली. तेथे त्या उभ्या राहिल्या आणि मंदबुद्धीच्या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा अधिक आहे असे त्यांनी ठासून मांडले. त्याचा गाजावाजा झाला. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा निघाली आणि तिच्या दोन संचालकांपैकी एक माँटेसरीबाई झाल्या. दुसरे होते डॉ. जुझेप्पे मोंतेसानो. सकाळी आठपासून सायंकाळी सातपर्यंत त्या मुलांजवळ असत. कोणती वस्तू हातात दिली की मूल थांबते, कोणती टाकून देते, कोणती पुन्हा उचलते, हे पाहून पाहून वस्तू बदलायच्या, रात्री टिपणे लिहायची, असे सुमारे दोन वर्षे चालले. पुढे यांतील काही मुले वाचायला-लिहायला शिकली आणि सामान्य शाळांच्या परीक्षेला इतर मुलांबरोबर बसून उत्तीर्ण झाली.

लोकांनी याला चमत्कार म्हटले. माँटेसरीबाईंना मात्र दुसऱ्याच विचाराने गाठले. ज्यांना काहीच येणार नाही असे ठरवून टाकले होते ती मुले जर इतरांच्या बरोबरीला आली, तर मग सुदृढ मुले इतकी मागे का? त्यांच्या शाळा त्यांना दाबून तर ठेवीत नाहीत ना? प्रश्नाची ही उलटी बाजू पालकांनी नीट ध्यानात घ्यावी. मागे पडलेल्या मुलाला शिकवताना जे सापडले ते हुशार मुलालाही हवे होते, ही गोष्ट त्या वेळी दुसऱ्या कोणाला दिसली नव्हती.

इथे त्यांच्या आयुष्यातील एक नाजूक भाग येतो. तो गाळून चरित्र सांगण्याची पद्धत आहे, पण गाळला तर पुढचे कळत नाही. डॉ. मोंतेसानो आणि त्या यांच्या संबंधातून ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला. विवाह झाला नव्हता. तेव्हाच्या इटलीत ही बातमी फुटली असती तर नोकरी, मान, काम सर्व एका दिवसात गेले असते. मूल खेड्यातील एका दाईकडे ठेवण्यात आले. त्याचे नाव मारियो. आई अधूनमधून येऊन त्याला पाहून जाई, पण ही आपली आई असे त्याला कोणी सांगितले नाही. १९०१ मध्ये मोंतेसानोंनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला आणि माँटेसरीबाईंनी ती शाळा सोडली. ज्या शाळेत त्यांनी दुसऱ्यांच्या टाकलेल्या मुलांना जवळ केले, तिचा शेवट असा झाला. सबंध जगाच्या मुलांविषयी लिहिणाऱ्या या बाईंना स्वतःचे मूल पंधरा वर्षे जवळ घेता आले नाही. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. लोक काय म्हणतील या धाकाने घरातले मूल आतल्या खोलीत ठेवणारी घरे आजही आहेत, आणि तेथे कारण तर त्याहून कितीतरी लहान असते.

मधली वर्षे त्यांनी पुन्हा विद्यार्थिनी होऊन तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र शिकण्यात आणि पुढे विद्यापीठात व्याख्याने देण्यात घालवली. मग १९०७ साल उजाडले.

रोममध्ये सान लोरेन्झो नावाची गरीब वस्ती होती. एका बांधकाम कंपनीने तेथील पडकी घरे दुरुस्त करून कष्टकरी कुटुंबांना भाड्याने दिली. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुले जिन्यांत धुडगूस घालीत, नव्या भिंतींवर रेघोट्या ओढीत. भिंतीचा रंग वाचावा म्हणून मालकांना मुले एका खोलीत ठेवायची होती! इतक्या व्यवहारी कारणातून ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह सुरू झाले. पन्नासच्या वर मुले, वय सुमारे तीन ते सहा. भेदरलेली, रडकी, कित्येक जण तोंडातून शब्द न काढणारी. शिकवायला प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. माँटेसरीबाईंनी मतिमंद मुलांसाठी सुधारून घेतलेल्या वस्तू तेथे आणून ठेवल्या आणि त्या पाहात बसल्या.

त्यांनी काय पाहिले ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण बालवर्गात सर्व मुलांना सामावून कसे घ्यावे याची उत्तरे त्या खोलीतच सापडतात.

लाकडाचा एक लांब ठोकळा असतो. त्यात दहा भोके, आणि प्रत्येक भोकात बरोबर बसेल असा एकेक दट्ट्या. तीनेक वर्षांची एक मुलगी ते दट्टे काढून मिसळून पुन्हा जागेवर बसवीत होती. माँटेसरीबाई मोजू लागल्या. मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, तरी तिचे चित्त ढळले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने तोच खेळ केला आणि मग झोपेतून उठावे तशी प्रसन्न होऊन ती थांबली. यातील मर्म असे की, चूक झाली तर ती दट्ट्याच सांगतो. जाड दट्ट्या बारीक भोकात जात नाही, आणि बारीक दट्ट्या मोठ्या भोकात गेला तर शेवटी एक शिल्लक उरतो. बाईंना ओरडावे लागत नाही, शेजारच्या मुलाला हसायला सापडत नाही. एका मुलाला दहा मिनिटे लागोत, दुसऱ्याला दहा दिवस लागोत, ठोकळा दोघांशी सारखाच वागतो. सावकाश शिकणाऱ्या मुलाला याहून मोठा आधार कोणता हवा?

दुसरी गोष्ट कपाटाची. सुरुवातीला शिक्षिका वस्तू कपाटात बंद ठेवी आणि आपण वाटी. एके दिवशी ते कपाट उघडे राहिले आणि मुलांनी आपापल्या आवडीची वस्तू स्वतः उचलून कामाला सुरुवातही केली. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसरीबाईंनी मात्र त्या दिवसापासून मुलांच्या हाताला लागतील अशा बुटक्या फळ्या करून घेतल्या. मोठी जड बाके काढून लहान, हलकी टेबले आणि खुर्च्या आणल्या. आज आपण हे सर्रास पाहतो, पण त्याचा अर्थ विसरतो. फळी बुटकी असली तर कुबड्या घेणारे मूल कोणाची विनवणी न करता खेळणे घेऊ शकते. दोन टेबलांमध्ये चाकाची खुर्ची जाईल एवढी वाट ठेवली तर ते मूल कोपऱ्यात अडकून पडत नाही. सामावून घेणे म्हणून जे म्हणतात, त्यातले निम्मे काम भाषणांनी होत नसून सुताराकडून होते.

प्रत्येक वस्तू एकच ठेवायची हाही त्यांचा नियम होता. दहा घनांचा एक गुलाबी मनोरा असतो. सर्वांत लहान घन एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. तो मनोरा दुसऱ्याच्या हातात असला तर थांबायचे. ते थांबणे तीन वर्षांचे मूल शिकते. शिवाय एकाच खोलीत तीन वर्षांचे आणि सहा वर्षांचे मूल एकत्र असल्याने कोणीतरी पुढे आणि कोणीतरी मागे असणे हे तेथे अगदी स्वाभाविक असे. आपल्याकडे सारख्या वयाची चाळीस मुले एका रांगेत बसवतात आणि मग जो मागे तो सर्वांच्या डोळ्यांत येतो. मिश्र वयाच्या वर्गात मागे असलेल्या मुलावर बोट ठेवायला जागाच राहात नाही.

आणखी एक खेळ. डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि हातांनी चाचपून वस्तू ओळखायच्या. खरखरीत-गुळगुळीत, जड-हलके, गोल-चौकोनी. डोळस मुलांना तो फार आवडे. आपण विचार करा, ज्याला दिसत नाही असे मूल त्या वर्गात असेल तर या एका खेळात तेच सर्वांच्या पुढे जाईल. पॉलिश पेपरची अक्षरे बोटाने गिरवण्याची युक्तीही बोटांच्या याच शहाणपणावर उभी आहे. काही महिन्यांतच त्या गरीब वस्तीतील चार-पाच वर्षांची मुले खडूने जमिनीवर शब्द लिहू लागली, तेव्हा पाहायला देशोदेशींचे लोक आले.

मला सर्वांत आवडतो तो नाक शिंकरण्याचा पाठ. एके दिवशी माँटेसरीबाईंनी मुलांना रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे साफ करावे हे गंमतीने करून दाखवले. मुले हसली नाहीत. टक लावून पाहात राहिली आणि पाठ संपताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई चकित झाल्या, मग उमगले. या मुलांना वाहत्या नाकाबद्दल सगळे जण रागावत आले होते. शिकवले कोणीच नव्हते. ज्या मुलाच्या तोंडातून लाळ गळते, ज्याला शर्टाची बटणे लावता येत नाहीत, त्याच्याशी इतर मुले खेळत नाहीत त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. माँटेसरीबाईंनी लाकडी चौकटींवर कापड ताणून त्याला बटणे, नाड्या, हुक लावले होते, आणि मुले ती तासन्‌तास लावीत-सोडीत बसत. हा आम्हा शिक्षकांना आणि घरी आयांना करता येण्यासारखा उपाय आहे. जुना सदरा आणि चार पट्ट्या पुरतात.

एवढे सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सान लोरेन्झोच्या खोलीत इस्पितळातील मुले नव्हती. १९०० ची शाळा वेगळी, १९०७ ची वेगळी. अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा असाव्यात असेच त्यांचे त्या काळचे प्रतिपादन होते, आणि कीर्ती मिळाल्यावर त्यांचे बहुतेक आयुष्य सामान्य मुलांच्या शिक्षणात गेले. ज्यांच्यामुळे ही खेळणी सापडली ती मुले खोलीबाहेरच राहिली. थोर माणसाच्या नावावर त्याने न केलेले कामही चढवून देण्याची आपली सवय असते, ती इथे नको.

तसाच दुसरा आक्षेप खेळाविषयी. श्रीमंत घरांतून भेट आलेल्या बाहुल्या आणि खेळभांडी सान लोरेन्झोच्या मुलांनी बाजूला ठेवली आणि ती दट्ट्यांकडे वळली, यावरून माँटेसरीबाईंनी असा निष्कर्ष काढला की, मुलाला लुटुपुटीपेक्षा खरे काम आवडते. १९१४ साली अमेरिकेतील किलपॅट्रिक नावाच्या प्राध्यापकांनी त्यांच्या पद्धतीवर पुस्तक लिहून टीका केली. कल्पनेच्या आणि सवंगड्यांसह खेळण्याच्या खेळाला तिच्यात फार थोडी जागा आहे असा त्यांचा एक रोख होता. माझ्या मते ही टीका बरीचशी बरोबर होती. दट्ट्यांचा खेळ मूल एकटे खेळते. पण भातुकली, दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर हे खेळ एकट्याने होत नाहीत, आणि सामावून घेण्याची खरी कसोटी तिथेच लागते. जे मूल बोलत नाही त्याला दुकानात तराजू धरता येतो. ज्याला पळता येत नाही तो गल्ल्यावर बसून चिंचोक्यांचे पैसे मोजतो. शिक्षिकेने फक्त सुरुवातीला त्या मुलाशेजारी बसून खेळात एक काम त्याच्यासाठी मोकळे करून द्यायचे आणि मग उठून जायचे. आपण बसून राहिलो तर इतर मुले त्याच्याशी न बोलता आपल्याशीच बोलतात.

पुढची वर्षे झपाट्याने सांगतो. १९०९ साली त्यांचा ग्रंथ निघाला, त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. १९१२ च्या अखेरीस आई वारली, आणि १९१३ मध्ये पंधरा वर्षांचा मारियो त्यांच्याकडे राहायला आला. जगाला मात्र तो पुतण्या किंवा मानलेला मुलगा म्हणून सांगितला जाई. अमेरिकेत त्यांचा मोठा सत्कार झाला. १९२४ पासून हुकूमशहा मुसोलिनीच्या सरकारने त्यांच्या शाळांना आश्रय दिला आणि त्यांनी तो घेतला, ही त्यांच्या चरित्रातील दुबळी बाजू होय. सत्तेचा आश्रय फुकट मिळत नाही. १९३४ मध्ये संबंध तुटले, इटलीतील त्यांच्या शाळा बंद झाल्या, आणि त्यांनी देश सोडला. स्पेनमध्ये राहिल्या तर तेथे १९३६ साली यादवी युद्ध पेटले, मग हॉलंड.

१९३९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्या मारियोसह मद्रासला आल्या. अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात त्यांनी शिक्षकांचा वर्ग घेतला. सुमारे तीनशे जण आले होते. त्या इटालियनमध्ये बोलत आणि मारियो इंग्रजीत सांगत. जून १९४० मध्ये इटली इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरली आणि ही मायलेकरे एका रात्रीत शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. मारियोला आपल्या महाराष्ट्रात, तेव्हाच्या अहमदनगर येथील छावणीत स्थानबद्ध केले. आईला अड्यारच्या आवाराबाहेर पडायची बंदी. ३१ ऑगस्टला त्यांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली की, वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा मुलगा त्यांना परत देण्यात येत आहे. मुलगा! बेचाळीस वर्षे जो शब्द उघडपणे उच्चारता आला नव्हता, तो सरकारी तारेने उच्चारला. त्यानंतर त्यांनी तो कधी लपवला नाही असे म्हणतात.

युद्धाच्या काळात कोडाईकनालला त्यांनी निरनिराळ्या वयांच्या आणि निरनिराळ्या देशांच्या मुलांना एकत्र घेऊन काम केले. अहमदाबाद, कराची येथेही शिक्षकांचे वर्ग झाले, आणि एकूण हजाराहून अधिक भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखालून गेले. अर्थात त्यांचे विचार आपल्याकडे त्यांच्या आधीच पोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० सालीच बालमंदिर काढले होते, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी तेच काम शिंपले, बिया, पाने अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंनी करून दाखवले. महागड्या लाकडी संचाविना बालवर्ग चालत नाही असे सांगणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

कायदाही आता पालकांच्या बाजूला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांवर अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश देण्याची, आणि खेळ व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने देण्याची जबाबदारी टाकली आहे. खेळाचा उल्लेख कायद्यात स्पष्ट आहे, हे पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. मुलाचे नाव पटावर आहे पण खेळाच्या तासाला ते वर्गात दप्तरे सांभाळत बसते, असे होत असेल तर ते चौकशी करण्याजोगे आहे.

माँटेसरीबाई १९४९ मध्ये भारतातून कायमच्या गेल्या. शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव तीनदा सुचवले गेले. ते मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डविक या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. मारियो जवळ होता.

जे त्यांच्याकडून राहिले होते ते पुढे जर्मनीत झाले. १९६८ साली म्युनिक शहरात थिओडोर हेलब्रुगे नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी माँटेसरी पद्धतीची एक बालवाडी उघडली आणि तिच्यात दिव्यांग मुले व इतर मुले एकाच खोलीत आणली. दोन वर्षांनी त्याच धर्तीची प्राथमिक शाळाही निघाली. बुटक्या फळ्यांवर तेच दट्टे आणि तोच गुलाबी मनोरा. या वेळी ज्यांच्यासाठी मुळात ही खेळणी शोधली गेली, ती मुलेही फळीपाशी उभी होती.